पोर्टिंग : एक मिलिमीटर घासण्याआधी





इंदुरातल्या आपल्या मराठी घरांत आजही बऱ्याच जुन्या टू-स्ट्रोक गाड्या जपून ठेवलेल्या आहेत. कुणाकडे आजोबांची राजदूत, कुणाकडे काकांची आर.एक्स. १००, तर कुणाकडे शेजारच्या पीथमपूरलाच तयार झालेली कायनेटिक होंडा. यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी अकरावीच्या काही मुला-मुलींनी विषय सुचवला : ‘टू-स्ट्रोक इंजिनाचे पोर्टिंग करून ताकद वाढवणे.’ विषय कळताच काही पालकांनी काळजी बोलून दाखवली. एका विश्वस्तांनी विचारले की हे विज्ञान आहे की रस्त्यावरची हुल्लडबाजी? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु होकार किंवा नकार देण्यापूर्वी पोर्टिंग म्हणजे नेमके काय, हे आपण सर्वांनी समजून घ्यावे, असे आम्हाला वाटले. त्यासाठी हा लेख.

आमचे विज्ञानाचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे पुस्तकात ‘निकास द्वार’ लिहिलेले असे आणि गॅरेजमध्ये मिस्त्री ‘एग्झॉस्ट’ म्हणे. येथे आम्ही मिस्त्रींचेच शब्द घेतले आहेत. ते घरोघरी ठाऊक आहेत.

दोन हालचालींत सारे काम

फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन दोनदा वर व दोनदा खाली जातो, तेव्हा एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला स्फोट होतो. त्यासाठी लागणारे व्हॉल्व्ह, कॅम, साखळी यांपैकी काहीच त्यात नसते. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या कापलेल्या असतात आणि पिस्टन वर-खाली जाताना स्वतःच त्या उघडतो व झाकतो. या खिडक्या म्हणजेच पोर्ट.

पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या डोक्यावरचे पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबले जाते. त्याच वेळी त्याच्या खाली, क्रँकच्या पेटीत, पोकळी होऊन कार्ब्युरेटरमधून ताजे मिश्रण ओढले जाते. वर ठिणगी पडते आणि पिस्टन जोराने खाली येतो. खाली येताना आधी एग्झॉस्ट पोर्ट उघडतो व जळलेला वायू स्वतःच्या दाबाने बाहेर धावतो. पिस्टन आणखी थोडा खाली आला की ट्रान्सफर पोर्ट उघडतात. क्रँकच्या पेटीत दाबले गेलेले ताजे मिश्रण त्यांतून वर चढते आणि उरलासुरला धूर बाहेर ढकलते. पिस्टन पुन्हा वर निघाला की आधी ट्रान्सफर बंद होतात, मग एग्झॉस्ट. झाली एक फेरी.

क्रँकच्या पेटीलाच पंप बनवण्याची ही कल्पना इंग्लंडमधील बाथ शहरच्या जोसेफ डे यांनी १८९१ मध्ये मांडली. त्यांच्याच कारखान्यातील फ्रेडरिक कॉक या कामगाराने पुढे सुचवले की मिश्रण आत येण्याची खिडकीही पिस्टनच्या खालच्या कडेनेच उघडावी. मग वेगळा व्हॉल्व्ह उरलाच नाही. कारागिराच्या हातातली बुद्धी इंजिनाच्या इतिहासात पहिल्या पानापासून आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

अडचण वेळेची आहे

आता हिशेब करू. आर.एक्स. १०० ही गाडी एस्कॉर्ट्सने १९८५ मध्ये आणली आणि ती १९९६ पर्यंत बनत होती. तिचा सिलिंडर ५० मि.मी. व्यासाचा व स्ट्रोकही ५० मि.मी. म्हणजे ९८ सी.सी. तिची जाहीर ताकद ७५०० आर.पी.एम.ला ११ अश्वशक्ती होती.

मिनिटाला ७५०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२५. एका फेरीला वेळ मिळतो ८ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग आठ वेळा. समजा एखाद्या इंजिनाचा एग्झॉस्ट पोर्ट क्रँकच्या ३६० अंशांपैकी १७० अंश उघडा राहतो. तर ७५०० फेऱ्यांना तो पावणेचार मिलिसेकंद उघडा असेल. हेच इंजिन ३००० फेऱ्यांवर चालले तर साडेनऊच्या आसपास, आणि १०,००० वर नेले तर तीनपेक्षाही कमी.

खिडकी तीच आहे, तिच्यातून वायू जाण्याची वेळ मात्र वेगानुसार आटत जाते. वेग वाढवता वाढवता एक टप्पा असा येतो की जुना धूर पुरता निघत नाही आणि नवे मिश्रण पुरते भरत नाही. इंजिनाला दम लागतो. ताकद ही टॉर्क आणि फेऱ्या यांच्या गुणाकाराने मिळते. फेऱ्या वाढल्या पण प्रत्येक फेरीतला टॉर्क घसरला, तर गुणाकार वाढायचा थांबतो.

पोर्टिंग हा यावरचा उपाय. खिडकी उंच केली की ती लवकर उघडते व उशिरा बंद होते. रुंद केली की त्याच वेळात जास्त वायू जातो. म्हणजे वरच्या वेगाला इंजिनाला श्वास घ्यायला सवड मिळते.

एका मिलिमीटरची किंमत

एग्झॉस्ट पोर्टची वरची कड कानशीने (आपल्याकडचे मिस्त्री तिला ‘रेती’ म्हणतात) किंवा ग्राइंडरने फक्त १ मि.मी. वर नेली तर काय होईल? ५० मि.मी. स्ट्रोक आणि १०० मि.मी. कनेक्टिंग रॉड धरून आम्ही गणित केले. अकरावीच्या मुलांनी त्रिकोणमितीने ते पडताळून पाहावे. आधी पोर्ट १७० अंश उघडा होता. १ मि.मी. घासल्यावर तो सुमारे १७५ अंश होतो. ३ मि.मी. घासला तर १८४ अंशांवर जातो. शर्यतीच्या इंजिनांत हा आकडा १९० ते २०० पर्यंत असतो. म्हणजे घरची गाडी आणि शर्यतीची गाडी यांच्यात नखाच्या जाडीच्या काही पटींचेच अंतर आहे!

आता दुसरी बाजू. पिस्टन वर जाताना एग्झॉस्ट पोर्ट झाकला जातो, तेव्हाच खरे दाबणे सुरू होते. आपल्या उदाहरणात ५० पैकी सुमारे ३०.३ मि.मी. प्रवास दाबण्यासाठी उरत होता. १ मि.मी. घासल्यावर २९.३ उरला, ३ मि.मी. घासल्यावर २७.३. स्फोटानंतर पिस्टनला ढकलण्याचा प्रवासही तितकाच कमी झाला. जास्त वेगाला ही घट भरून निघते, कारण सिलिंडर चांगला भरतो. कमी वेगाला मात्र भरून निघत नाही. उलट पोर्ट जास्त वेळ उघडा राहिल्याने ताजे मिश्रण न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जाते.

म्हणून पोर्टिंग केलेली गाडी रिकाम्या रस्त्यावर वरच्या फेऱ्यांना उसळते, पण राजवाड्याच्या गर्दीत दुसऱ्या गिअरला कण्हत चालते. पेट्रोलचे अॅव्हरेज पडते. थोडक्यात, पोर्टिंग ताकदीची जागा बदलते. वरच्या मजल्यावर सामान नेले की खालचा मजला रिकामा होतो.

ट्रान्सफर पोर्टचेही असेच आहे. एग्झॉस्ट उघडल्यानंतर ट्रान्सफर उघडेपर्यंत थोडी मोकळी वेळ लागते, तेवढ्यात सिलिंडरमधला दाब उतरतो. एग्झॉस्ट १७० अंश व ट्रान्सफर १२० अंश धरले तर ही वेळ २५ अंशांची आहे. ७५०० फेऱ्यांना ती अर्ध्या मिलिसेकंदाहून किंचित जास्त. कुणी उत्साहाने फक्त ट्रान्सफर वर घासले तर ही वेळ आणखी कमी होते. गरम धूर खाली क्रँकच्या पेटीत घुसतो आणि ताज्या मिश्रणाची वाट अडवतो. मेहनत करून ताकद घटते ती अशी.

रुंदी, कोपरे आणि दिशा

‘उंच नको तर रुंद करू,’ असे कुणी म्हणेल. त्यालाही मर्यादा आहे. पिस्टनची रिंग स्प्रिंगसारखी बाहेर फाकलेली असते. खिडकीसमोरून जाताना ती थोडी खिडकीत डोकावते. खिडकीची रुंदी सिलिंडरच्या व्यासाच्या साधारण ६० ते ६५ टक्क्यांपुढे गेली, म्हणजे ५० मि.मी. सिलिंडरला ३० ते ३२ मि.मी.च्या पुढे, तर रस्त्यावरच्या गाडीत रिंग अडकून तुटण्याचा धोका वाढतो. म्हणून जाणता कारागीर कोपरे गोल ठेवतो, वरची कड किंचित कमानदार करतो आणि शेवटी साऱ्या कडांची धार मोडतो. धार तशीच राहिली तर ती रिंगला रंध्यासारखी तासते.

ट्रान्सफर पोर्टच्या बाबतीत दिशा सर्वांत महत्त्वाची. सुरुवातीच्या इंजिनांत पिस्टनच्या डोक्यावर उंचवटा ठेवून ताजे मिश्रण वर वळवीत असत. तो पिस्टन जड असे व तापत असे. १९२० च्या दशकात जर्मन अभियंता आडोल्फ श्न्यूर्ले यांनी ट्रान्सफरचे दोन झोत एग्झॉस्टकडे पाठ करून मागच्या भिंतीवर सोडले. ते झोत भिंतीवर एकत्र येऊन वर चढतात व वळसा घेऊन धूर बाहेर काढतात. पिस्टन सपाट झाला, हलका झाला. डी.के.डब्ल्यू. कंपनीने १९३२ पासून मोटरसायकलींत ही रीत वापरली आणि पुढे जगाने स्वीकारली. ग्राइंडर जरा तिरका फिरला तर हाच झोत सरळ एग्झॉस्टकडे वळू शकतो.

चोपाऊ गावचे उदाहरण

डी.के.डब्ल्यू.चा कारखाना जर्मनीतील चोपाऊ या लहान गावी होता. दुसऱ्या महायुद्धानंतर हा भाग पूर्व जर्मनीत गेला आणि त्याच गावी एम.झेड. मोटरसायकली बनू लागल्या. १९५३ मध्ये तिथल्या शर्यत विभागाचे काम वाल्टर काडेन यांच्याकडे आले. पैसा तुटपुंजा होता, चांगल्या धातूचीही चणचण होती. मोठ्या कंपन्यांची फोर-स्ट्रोक इंजिने त्या काळी शर्यती जिंकत होती.

काडेन यांनी कानस उचलण्याआधी मोजमाप हाती घेतले. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर त्यांनी एग्झॉस्ट नळीतल्या दाबाच्या लाटा पाहिल्या. अकरावीत आपण लाटांचे परावर्तन शिकतो, तेच इथे आहे. पोर्ट उघडला की दाबाची लाट नळीतून धावते. नळी जिथे रुंद होत जाते तिथून ओढणारी लाट परत येते आणि सिलिंडरमधला धूर खेचून घेते. पुढे नळी जिथे अरुंद होते तिथून दाबणारी लाट परततो आणि बाहेर निसटलेले ताजे मिश्रण पोर्ट बंद होण्याच्या क्षणी पुन्हा आत कोंबते. फुगीर पोटाच्या त्या सायलेन्सरला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात. पोर्टची उंची, नळीची लांबी व इंजिनाचा वेग हे तीन आकडे जुळले तरच ही लाट वेळेवर पोहोचते. जुळले नाहीत तर ती उलटे काम करते.

पोर्ट, नळी आणि मिश्रण आत घेणारी फिरती चकती यांचा मेळ बसवून काडेन यांच्या १२५ सी.सी. इंजिनाने १९६१ मध्ये २५ अश्वशक्ती दिली, तीही १०,८०० फेऱ्यांना. म्हणजे लिटरमागे २०० अश्वशक्ती. बाहेरून हवा कोंबणारा पंप नसलेल्या इंजिनाने हा टप्पा पहिल्यांदाच गाठला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे निघून गेला व ही विद्या घेऊन जपानच्या सुझुकीकडे गेला. १९६२ मध्ये सुझुकीवर त्याने ५० सी.सी. गटाचे विश्वविजेतेपद मिळवले. विजेतेपद मिळाले डेग्नरला, आणि त्यामागची मोजमापे होती चोपाऊची.

पुढे यामाहाच्या अभियंत्यांनी पोर्टच्या वरच्या कडेला फिरणारी झडप बसवली. कमी वेगाला ती पोर्ट बुटका ठेवते, जास्त वेगाला उंच करते. १९७० च्या दशकात ती शर्यतीच्या गाड्यांत आली आणि १९८३ पासून रस्त्यावरच्या आर.डी. ३५० मध्ये परदेशात मिळू लागली. वर मिळवायचे तर खाली गमवावे लागते, ही अडचण त्यांनी घासून नव्हे, विचार करून सोडवली.

आपल्या देशात त्याच सुमारास उलटा प्रवास दिसतो. जुनी जपानी आर.डी. ३५० ची ताकद ३९ अश्वशक्ती होती. १९८३ पासून ती राजदूत ३५० म्हणून येथे आली तेव्हा ३०.५ आणि नंतरच्या एका प्रकारात २७ अश्वशक्तीवर आणली गेली, कारण येथील ग्राहकाला पेट्रोलचा हिशेब सांभाळायचा होता. कारखान्याने ठरवलेला आकडा म्हणजे कुणाचा नाकर्तेपणा नसतो. ताकद, पेट्रोल, टिकाऊपणा आणि चालवणाऱ्याची सोय यांतला तो समझोता असतो.

पालकांसाठी चार शब्द

पोर्टिंगनंतर इंजिन जास्त हवा ओढते. कार्ब्युरेटरचे जेट त्या मापाने बदलले नाहीत तर मिश्रण पातळ होते, पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. धावत्या गाडीचे इंजिन असे जाम झाले की मागचे चाक जागीच थांबते. स्वार कुठे पडेल हे सांगता येत नाही. ब्रेक, टायर आणि सांगाडा तर जुन्याच ताकदीसाठी बनवलेले असतात.

टू-स्ट्रोक दुचाकी आपल्या बाजारातून गेल्या त्या धुरामुळे. २००० साली प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि न जळता निसटणारे मिश्रण त्यांना भोवले. पोर्ट उंच केला की हाच दोष वाढतो, हे आपण वर पाहिले.

कायदाही स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने गाडीवर गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरले जाऊ शकतात. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही. गिअरच्या गाडीचा परवाना १८ वर्षांआधी मिळतच नाही. तेव्हा ‘आमचा मुलगा गाडी छान चालवतो’ हे कौतुक घरातही जपून करावे.

आमचा निर्णय

इतके सांगूनही आम्ही प्रकल्पाला होकार देत आहोत. नकार दिला असता तर मुलांनी हेच काम गॅरेजमागे, न मोजता केले असते. अटी मात्र अशा आहेत.

पहिली : चालू गाडीला हात लागणार नाही. भंगारातला टाकाऊ सिलिंडर, पिस्टन व क्रँक आणावा. इंजिन सुरू केले जाणार नाही.

दुसरी : आधी मोजमाप. पुठ्ठ्यावर ३६० अंशांची चकती काढून क्रँकला लावावी, तारेचा काटा करावा. पिस्टन सर्वांत वर केव्हा असतो हे डोळ्यांनी ठरवू नये. प्लगच्या भोकातून अडसर घालून क्रँक दोन्ही बाजूंनी अडेपर्यंत फिरवावा आणि दोन आकड्यांचा मध्य घ्यावा. मग प्रत्येक पोर्ट किती अंशांवर उघडतो व मिटतो ते वहीत लिहावे.

तिसरी : सिलिंडरच्या आत कागद चिकटवून त्यावर पेन्सिल घासावी. खिडक्यांचा ठसा उमटतो. हा नकाशा आलेखाच्या कागदावर उतरवून क्षेत्रफळ काढावे.

चौथी : कानस लावण्याआधी सिलिंडरच्या बुडाशी १ मि.मी.ची पट्टी घालून सारे पोर्ट वर उचलावेत आणि अंश पुन्हा मोजावेत. डोक्याशी जागा वाढून दाब कमी होतो, तेही टिपावे. ही पट्टी काढून घेता येते. घासलेला धातू परत बसवता येत नाही. म्हणून घासण्याची पाळी सर्वांत शेवटी, चष्मा लावून, शिक्षकांसमोर आणि आकडा आधी फळ्यावर लिहून.

विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की प्रयोगशाळेत एक मजबूत शेगडा व एक व्हर्नियर कॅलिपर एवढी सोय करून द्यावी. बाकी सामान भंगारातून येईल. ज्या पालकांचा गॅरेजचा, लेथचा किंवा बोअरिंगचा व्यवसाय आहे त्यांनी एखाद्या शनिवारी येऊन मुलांना हात धरून शिकवावे. पुस्तकातले आम्ही सांगू, हातातले त्यांनी सांगावे.

आणि विद्यार्थी मित्रहो, वेगाची आवड वाईट नाही. आपल्या शहराजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स ही वाहन-चाचणीची मोठी संस्था आहे. तिथला ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणी-मार्ग २०२१ मध्ये सुरू झाला. वेगाचे काम करणारे लोक तिथे शिरस्त्राण घालून, यंत्रे लावून, आकडे टिपत काम करतात. तुमच्यापैकी कुणी तिथे अभियंता म्हणून उभा राहिला तर शाळेला अभिमान वाटेल. त्याची तयारी या पुठ्ठ्याच्या चकतीपासून होते. प्रकल्पाची नावे विज्ञान शिक्षकांकडे द्यावीत आणि सोबत पालकांची सही आणावी.

आपले,
मुख्याध्यापक